रक्तदाब आणि व्यायाम : कोणता व्यायाम किती उपयोगी?

पौर्णिमेच्या वंदनेनंतर मंडळाच्या सभागृहात सभासदांचा रक्तदाब मोजण्याचा उपक्रम आम्ही सुरू केला, तेव्हा आमची अपेक्षा माफक होती. दंडाला पट्टा बांधावा, आकडा वहीत लिहावा आणि जास्त आला तर डॉक्टरांकडे पाठवावे, एवढेच. परंतु पट्टा सोडता सोडता बहुतेकजण एकच प्रश्न विचारू लागले, "व्यायाम कोणता करू?" कोणी म्हणे, चालणे पुरे. कोणी म्हणे, जिममध्ये वजने उचलावीत. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावण्याची बाजू घेत, तर आमच्या भगिनींचे म्हणणे असे की, दिवसभराचे घरकाम हाच व्यायाम, वेगळा कशाला हवा?

आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर ते रोज पहाटे नेमाने चालत. गोळ्याही चालू होत्या. एका पौर्णिमेला त्यांचा आकडा उत्तम आला. "चालण्याने रक्तदाब गेला" असे समजून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढील काही महिने ते मोजायलाही आले नाहीत, कारण तक्रार काहीच नव्हती. नंतर एके सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आज ते काठीच्या आधाराने चालतात, पण उजवा हात पूर्ववत झालेला नाही. त्यांच्या घरून परतताना आम्हाला वाटले की, आम्ही आकडे लिहीत राहिलो, त्या आकड्यांचा अर्थ मात्र सांगितला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

१. रक्तदाबाचे दोन आकडे

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने रक्तवाहिन्यांत ढकलले जाते. त्या वेळी वाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय सैल पडते, तेव्हा उरणारा दाब म्हणजे खालचा आकडा. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १२०/८० च्या खाली असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत राहिला, तर आपल्याकडे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली ही मर्यादा आणखी खाली, म्हणजे १३०/८० वर आणली.

हा विकार बहुधा मुकाट असतो. डोके दुखतेच असे नाही, चक्कर येतेच असे नाही. आतल्या आत मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांच्या वाहिन्या झिजत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांच्यातील जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात प्रौढांपैकी ३५.५ टक्के, म्हणजे तिघांमागे एकाहून थोडे अधिक, या विकाराने ग्रस्त आहेत. सभागृहात मांडलेल्या खुर्च्यांवर नजर टाकून हा हिशेब मनात करून पाहावा.

थोडा दाब उतरल्याने काय साधते, असे वाटण्याचा संभव आहे. औषधांच्या ४८ चाचण्यांतील सुमारे ३ लाख ४५ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडण्यात आला. वरचा दाब ५ मिलिमीटरने उतरला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर आघातांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. म्हणजे ४-५ मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुढील आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

२. बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

व्यायाम आणि हृदय यांचा संबंध शास्त्रशुद्ध रीतीने पुढे आला तो एका साध्या निरीक्षणातून. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देत जिने चढत-उतरत असे. दोघांची नोकरी एकाच खात्यात, राहणीमानही जवळजवळ सारखेच. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती तपासली. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो आणि झाला तरी उशिरा होतो, असे त्यांनी १९५३ साली जाहीर केले.

ही हकीकत अनेकदा सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. पुढे १९५६ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेला अधिक रुंद होत्या आणि नोकरीला लागतानाच त्यांच्यात जाड माणसे अधिक होती, असे आढळले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. आपल्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारण्याची ही वृत्ती आमच्या विद्यार्थी मित्रांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

अशी गफलत टाळण्यासाठी पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची पद्धत रूढ झाली. स्वयंसेवकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करायचे, एकाला ठरावीक व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नाही आणि काही आठवड्यांनी दोघांचा रक्तदाब मोजायचा. मग जो फरक दिसतो तो व्यायामाचाच मानता येतो. यापुढे दिलेली तुलना अशाच चाचण्यांवर आधारलेली आहे.

३. व्यायामाचे पाच प्रकार

पहिला प्रकार दमाच्या व्यायामाचा, ज्याला 'एरोबिक' म्हणतात. भरभर चालणे, धावणे, सायकल चालवणे, पोहणे हे सारे यात येते. श्वास वाढतो, घाम येतो आणि हे बराच वेळ सलग करता येते.

दुसरा प्रकार ताकदीचा. वजने उचलणे, जोर मारणे, बैठका काढणे. यात स्नायू आखडतो, सैल होतो आणि सांधा हलत राहतो. आपल्या तालमीतील मेहनत बरीचशी या प्रकारात मोडते.

तिसरा प्रकार मिश्र व्यायामाचा, म्हणजे दमाचा आणि ताकदीचा अशा दोहोंचा एकत्र कार्यक्रम.

चौथा प्रकार आलटून-पालटून करावयाच्या जोरकस व्यायामाचा. थोडा वेळ सर्व शक्तीनिशी धावायचे किंवा सायकल मारायची, मग थोडा वेळ सावकाश, पुन्हा जोरात. शहरातील जिममध्ये अलीकडे याची फार चलती आहे.

पाचवा प्रकार स्थिर व्यायामाचा, ज्याला 'आयसोमेट्रिक' म्हणतात. यात स्नायू ताणलेला असतो, पण सांधा हलत नाही. शाळेत गुरुजी 'खुर्ची' करून उभे राहण्याची शिक्षा देत, ती अनेकांना आठवत असेल. मांड्या थरथरत, पण पाय जागचे हलत नसत. तोच हा प्रकार. भिंतीला पाठ टेकून हवेत बसणे, मूठ आवळून धरणे, ही त्याची उदाहरणे होत.

४. तुलना काय सांगते?

इंग्लंडमधील कँटरबरी येथील संशोधकांच्या पुढाकाराने १९९० पासून २०२३ च्या आरंभापर्यंतच्या २७० चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. त्यांत एकूण १५ हजार ८२७ लोक होते. २०२३ साली क्रीडावैद्यकाच्या एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. विश्रांतीच्या वेळी मोजलेला दाब सरासरी किती मिलिमीटरने उतरला, ते पुढे देत आहोत. पहिला आकडा वरच्या दाबाचा, दुसरा खालच्या दाबाचा.

(१) दमाचा व्यायाम : ४.४९ आणि २.५३
(२) ताकदीचा व्यायाम : ४.५५ आणि ३.०४
(३) मिश्र व्यायाम : ६.०४ आणि २.५४
(४) आलटून-पालटून जोरकस व्यायाम : ४.०८ आणि २.५०
(५) स्थिर व्यायाम : ८.२४ आणि ४.००

पहिली गोष्ट अशी की, पाचही प्रकारांनी दाब उतरला. निरुपयोगी असा एकही ठरला नाही. दुसरी अशी की, सर्वांत जास्त उतार ज्याची कोणाला कल्पना नव्हती त्या स्थिर व्यायामाने दिला. त्यातही वरच्या दाबासाठी भिंतीची बैठक सर्वांत परिणामकारक ठरली, तर खालच्या दाबासाठी धावणे. तिसरी गोष्ट मुलांनी ऐकावी. दम काढणारा जोरकस व्यायाम वरच्या दाबाच्या बाबतीत पहिला तर नाहीच, उलट शेवटी आहे. जितका जास्त दमवणारा व्यायाम तितका जास्त गुण, हा समज खरा नाही.

हा निष्कर्ष एकाकी नाही. २०१३ साली ९३ चाचण्यांचा असाच एकत्रित अभ्यास झाला होता. त्यातही स्थिर व्यायामाचा आकडा सर्वांत मोठा होता. मात्र दोन्ही अभ्यासांना एक मर्यादा आहे. स्थिर व्यायामाच्या चाचण्या संख्येने कमी आणि आकाराने लहान आहेत, चालण्या-धावण्याच्या पुष्कळ अधिक आहेत. म्हणून या आकड्यावर विसंबताना हात थोडा राखूनच ठेवावा.

५. न हलता व्यायाम कसा होतो?

आखडलेला स्नायू आपल्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो. दोन मिनिटे रक्ताचा ओघ अडल्यासारखा होतो. स्नायू सैल सोडताच रक्त वेगाने परत येते. त्या वाढलेल्या ओघामुळे वाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ स्रवतो आणि वाहिन्या सैल, रुंद होतात. पाट उघडल्यावर कोरड्या चारीत पाणी भरभरून जावे, तसे काहीसे. आठवड्यातून तीन दिवस असे घडत राहिले की वाहिन्यांना सैल होण्याची सवय लागते आणि हृदय व वाहिन्यांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जासंस्थेची ओढाताणही कमी होते, असे संशोधकांचे मत आहे. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. सोडून दिले तर थोड्याच आठवड्यांत मिळवलेले निघून जाते.

६. मग चालणे सोडावे काय?

मुळीच नाही. २०१३ च्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. दमाच्या व्यायामाने सर्वांचा मिळून वरचा दाब सरासरी ३.५ मिलिमीटरने उतरला. पण ज्यांना मुळातच उच्च रक्तदाब होता त्यांचाच हिशेब केला, तेव्हा उतार ८.३ निघाला. निरोगी माणसाचा दाब फारसा उतरत नाही, उतरण्याची गरजही नसते. आजारी माणसाला चालण्याचा लाभ सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक मिळतो.

शिवाय रक्तदाब हा एकच हिशेब नाही. रक्तातील साखर, वजन, झोप, फुप्फुसांचा दम, मनाची उभारी या सगळ्यांसाठी चालण्याचे काम भिंतीची बैठक करू शकत नाही. चालण्याचा एक तत्काळ लाभही आहे. एकदा चांगले चालून आले की पुढे कित्येक तास दाब नेहमीपेक्षा थोडा खाली राहतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे हिताचे.

चालण्याची महती आपल्या परंपरेला नवी नाही. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस चंक्रमणाची जागा आजही दाखवली जाते. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची क्षमता येते, प्रयत्नाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यात रक्तदाबाचा उल्लेख शोधू नये, तो त्या काळी कोणी मोजत नव्हते. पण शरीर हलते ठेवणे हा साधनेचाच भाग मानला होता, हे त्यावरून उघड आहे.

सावकाश व्यायामालाही कमी लेखू नये. चीनमध्ये ताई ची नावाचा संथ हालचालींचा व्यायाम आहे. रक्तदाब वाढू लागलेल्या, पण अद्याप रोगाच्या मर्यादेपर्यंत न गेलेल्या ३४२ लोकांवर तेथे वर्षभर चाचणी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ताई ची करणाऱ्यांचा वरचा दाब सुमारे ७ मिलिमीटरने उतरला, तर दमाचा व्यायाम करणाऱ्यांचा ४.६ ने. ज्यांना धावपळ झेपत नाही, त्या वडीलधाऱ्यांना यातून धीर यावा.

आता घरकामाविषयी. भगिनींचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पाण्याच्या कळशा वाहणे, जिने चढणे, फरशी पुसणे यांनी श्वास वाढत असेल तर तो व्यायामात धरता येतो. परंतु ओट्यापाशी तासन्तास उभे राहून पाय दुखणे म्हणजे व्यायाम नव्हे, ते नुसते कष्ट. आणि घरातील एका व्यक्तीवर सगळे काम टाकून "तुझा व्यायाम होतो" असे म्हणणाऱ्यांनी स्वतःही हातात झाडू घ्यावा, दोघांचाही फायदा होईल.

७. भिंतीची बैठक कशी करावी?

या व्यायामाला पैसा लागत नाही, मैदान लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीतही एक भिंत असतेच. चाचण्यांत वापरलेली रीत अशी :

(१) भिंतीला पाठ सपाट टेकून उभे राहावे. पावले भिंतीपासून हात-दीड हात पुढे, खांद्यांइतकी दूर ठेवावीत. फरशी ओली नसावी.
(२) पाठ भिंतीला लावूनच सावकाश खाली सरकावे. गुडघा पावलाच्या टाचेवर सरळ रेषेत यावा, पुढे झुकू नये.
(३) मांड्या जमिनीला समांतर आल्याच पाहिजेत असे नाही. नवख्याने आणि वयस्काने थोडेच खाली यावे. दोन मिनिटे धरता येईल पण शेवटी कष्ट जाणवतील, ती आपली उंची.
(४) दोन मिनिटे स्थिर राहावे. मग वर येऊन दोन मिनिटे विश्रांती घ्यावी. असे चार वेळा करावे.
(५) आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

चार वेळांची आठ मिनिटे आणि मधल्या विश्रांतीची सहा, मिळून चौदा मिनिटे होतात. पहिल्या दिवशी दोन मिनिटे जमणार नाहीत. तीस सेकंदांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे.

गुडघे दुखणाऱ्यांनी याऐवजी मूठ आवळण्याचा व्यायाम करावा. मऊ चेंडू किंवा मुठीत धरण्याचे स्प्रिंगचे साधन घेऊन, आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण एकतृतीयांश जोराने दोन मिनिटे आवळून धरावे. चार वेळा, मध्ये विश्रांती घेऊन. पूर्ण जोराने आवळू नये.

८. श्वास कोंडू नका

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. स्नायू ताणला की माणूस नकळत दात-ओठ आवळून श्वास रोखतो. त्यामुळे व्यायाम चालू असताना दाब भयंकर वाढू शकतो. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी पायांनी जड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंचा दाब थेट धमनीतून मोजला. सरासरी ३२०/२५० भरली आणि एकाच्या बाबतीत तर ४८०/३५० च्याही वर गेला. ते तरुण, निरोगी पहिलवान होते. साठीच्या माणसाने श्वास कोंडून तसे करू पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून स्थिर व्यायाम असो वा वजन उचलणे असो, मोठ्याने आकडे मोजत राहावे. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

आणखी काही पथ्ये :

(१) दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.
(२) हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, डोळ्यांच्या पडद्याचा विकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्थिर व्यायाम किंवा वजने सुरू करू नयेत.
(३) छातीत दडपण, घेरी, असह्य धाप किंवा हातापायांत एकाएकी बधिरपणा जाणवला, तर लगेच थांबून रुग्णालय गाठावे. घरी पडून पाहू, ही चूक करू नये.
(४) चालताना वेग किती असावा? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. नाडी मोजण्यापेक्षा ही खूण सोपी. काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, त्यांनाही ती लागू पडते.

९. गोळ्यांचे काय?

आमच्या ज्येष्ठ सभासदांची चूक कोठे झाली? दाब ताब्यात होता तो गोळी आणि चालणे या दोघांमुळे. त्यांनी दोन खांबांपैकी एक काढला आणि छप्पर तसेच उभे राहील असे मानले. आकडा चांगला येणे म्हणजे उपचार लागू पडत असल्याची पावती. उपचाराची गरज संपल्याचा दाखला तो नव्हे.

व्यायाम आणि औषधे यांच्या मिळून ३९१ चाचण्यांचा अभ्यास २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत व्यायामाचा परिणाम प्रचलित औषधांच्या तोडीचा दिसतो, असे त्यात आढळले. परंतु दोहोंची समोरासमोर तुलना केलेल्या चाचण्या त्यात नव्हत्या. म्हणून कोणी गोळ्या सोडून नुसता व्यायाम करू नये, असे खुद्द संशोधकांनीच बजावले. व्यायामाने दाब टिकून खाली राहू लागला, तर डॉक्टर स्वतःच गोळीची मात्रा कमी करतात. ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा, मोजण्याचे काम आपले.

मोजण्याचीही रीत आहे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, शर्टावर नव्हे. मोजताना बोलू नये. दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत.

आणि व्यायाम करून आल्यावर ताटात वरून मीठ घेतले, लोणचे-पापड-सुका बोंबील यांचा मारा केला, तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ पोटात जावे. तंबाखू आणि दारू यांविषयी पंचशील घेणाऱ्यांना आम्ही वेगळे काय सांगावे?

१०. आठवड्याचा कार्यक्रम

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचाही करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. वरील सर्व विवेचन ध्यानात घेऊन आम्ही सभासदांसाठी पुढील आराखडा सुचवतो.

सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास भरभर चालावे. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार यांपैकी प्रत्येक दिवशी त्याशिवाय चौदा मिनिटे भिंतीची बैठक किंवा मूठ आवळणे. मंगळवारी आणि शनिवारी झेपतील तितक्या साध्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. रविवारी विश्रांती. तरुण आणि निरोगी विद्यार्थ्यांनी चालण्याऐवजी धावावे. पहिले दोन आठवडे यातील निम्मेच करावे, अंग दुखले म्हणून सगळेच सोडून देण्यापेक्षा ते बरे.

कोणता व्यायाम सर्वांत चांगला, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे देता येईल. वरचा आकडा उतरवण्यात भिंतीची बैठक आज पुढे दिसते, चालणे सर्वांगीण हिताचे आहे आणि दोन्हींची जोड सर्वांत शहाणपणाची. परंतु जो व्यायाम आपण पुढच्या वर्षीही करीत असू, तोच आपल्या कामाचा.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाची जबाबदारी घ्यावी. त्यांना भिंतीची बैठक शिकवावी, शेजारी उभे राहून आकडे मोठ्याने मोजून घ्यावेत आणि महिन्यातून एकदा दाब मोजून वहीत लिहावा. गोळी चुकली का, हेही विचारावे. आमच्या ज्येष्ठ सभासदांना त्या काही महिन्यांत असे विचारणारे कोणी भेटले असते, तर कदाचित आज त्यांचा हात शाबूत असता.

ते आता पुन्हा पौर्णिमेला येतात. डावा हात पुढे करून दाब मोजून घेतात आणि नवीन माणसाला स्वतःहून सांगतात, "चाला, पण गोळी सोडू नका." आमच्या या लांबलचक लेखाचे सार त्यांच्या एका वाक्यात आहे. येत्या पौर्णिमेला आपली वही घेऊन सर्वांनी यावे, एवढीच विनंती.